पाणी येण्याआधी उंबऱ्याबाहेर : पंचगंगेच्या काठची आपत्कालीन पिशवी

कोल्हापूर जिल्ह्यातील महापुराचे स्वरूप समजून घ्यायचे, तर आधी सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाकडे पाहावे लागते. गगनबावड्याच्या परिसरात वर्षाकाठी साधारण ५,००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तर तेथून जेमतेम ५५ किलोमीटर पूर्वेला असलेल्या कोल्हापूर शहरात तो सुमारे १,००० मिलिमीटरांवर येतो. त्यामुळे शहरात पावसाने उघडीप दिलेली असतानाही नदी चढत राहते आणि आकाशाकडे पाहून पुराचा अंदाज बांधणारा माणूस फसतो. घाटमाथ्यावरून वेगाने उतरणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, आणि लोकश्रद्धेनुसार त्यांच्यात मिसळलेली गुप्त सरस्वती, यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सिद्ध होते. तेथून पुढे सुमारे ८० किलोमीटरांचा सपाट प्रदेश ओलांडून ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतःच तुडुंब वाहत असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला वाट राहत नाही, ते मागे फुगते आणि शेतांत, गल्ल्यांत, घरांत पसरून अनेक दिवस मुक्काम करते. म्हणजे येथील पूर येण्यापूर्वी सूचना देतो आणि आल्यावर लवकर जात नाही. घर सोडून बाहेर पडण्याची तयारी कशी असावी, याचा विचार या दोन गुणधर्मांपासूनच सुरू व्हायला हवा.

या सूचनेची मोजपट्टी म्हणजे कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा. तेथील पाण्याची उंची ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी गाठली, असे मानले जाते, आणि पावसाळ्यात हा आकडा जिल्ह्यात घरोघरी विचारला जातो. दुसरी खूण राधानगरी धरणाची. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरून पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते पाण्याच्याच दाबाने आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी नदीत येते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, हे ध्यानात घेतले, तर एका दरवाजातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी बाहेर पडते. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी नदीकाठच्या गावांसाठी घड्याळ सुरू झाल्याची खूण असते. शहरातल्या माणसांच्या स्वतःच्याही खुणा आहेत : पाणी जामदार क्लबपर्यंत आले, दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात शिरले, तेथील कुटुंबे चित्रदुर्ग मठात हलवली, असे टप्पे सांगत नदीची चढण एकमेकांना कळवली जाते. नृसिंहवाडीला तर दत्तमंदिरात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडते, तेव्हा त्यात स्नान करण्यासाठी भाविक गोळा होतात. नदीच्या वाढीशी इतका जुना आणि इतका जिव्हाळ्याचा परिचय असलेला समाज महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

हाच परिचय २०१९ मध्ये घातक ठरला. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा होता, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर पाणी सुमारे ५० फुटांपर्यंत गेले होते, आणि त्या वेळी भिंतीवर उमटलेली ओल हीच पुढची १४ वर्षे अनेक कुटुंबांची पूररेषा होऊन बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. ‘२००५ ला पाणी पायरीपर्यंत आले होते’ या हिशेबाने ज्यांनी धान्य, कपडे, कागदपत्रे त्या खुणेच्या हातभर वर, माळ्यावर किंवा फळीवर ठेवली, त्यांचे सामान खुणेसकट पाण्याखाली गेले. आणि जी माणसे सामानाजवळ थांबली, त्यांना पुढे छतावरून नावेत उतरवावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाण्याने ५६ फुटांची पातळी ओलांडली आणि २०१९ ची खूणही जुनी ठरली. नद्यांवरील बांधकामांबाबत शासन दोन रेषा मानते : साधारण २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. ‘शंभर वर्षांत एकदा’ याचा अर्थ एक मोठा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा सर्रास घेतला जातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, इतकाच असतो, आणि लागोपाठच्या वर्षांत तो येण्यास काहीच प्रत्यवाय नसतो.

माणसे वेळेवर घर का सोडत नाहीत, याचे उत्तर हट्ट किंवा अडाणीपणा असे देणे अन्यायाचे आहे. गोठ्यात दुभती म्हैस असते, घरात वर्षभराचे धान्य असते, मागे चोरीची भीती असते, अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतात, आणि निवारा केंद्रात किती दिवस, कोणत्या अवस्थेत राहावे लागेल याची कल्पना नसते. बाहेर पडायचे म्हणजे नेमके काय काय उचलायचे, हे ऐन वेळी ठरवायला गेले की तास जातात आणि तेवढ्यात रस्ता जातो. रस्ता गेल्यावर उरते ती नाव. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांनी भरलेली नाव उलटली आणि तीत लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला. पाण्यातून माणसे काढणे हे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल किंवा कोल्हापुरातील ‘व्हाइट आर्मी’सारख्या स्वयंसेवी पथकांसाठीही जोखमीचे काम असते, कोरड्या रस्त्यावरून दिवसाउजेडी चालत किंवा टेम्पोत बसून निघण्यात ती जोखीम नसते. आपत्कालीन पिशवीचा खरा उपयोग येथे आहे. तिच्यातल्या वस्तू कामाच्या असतातच, पण त्याहून मोठे काम ती आधीच भरून ठेवलेली असण्यामुळे होते, कारण तिने निघण्याच्या निर्णयातील अर्धे ओझे उतरवलेले असते.

ही कल्पना जगात सर्वाधिक रुजली ती जपानमध्ये. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामा परिसरात झालेल्या भूकंपाची आठवण म्हणून तेथे १ सप्टेंबर हा आपत्तिनिवारण दिन पाळला जातो आणि त्या निमित्ताने घराच्या दाराजवळ ठेवलेल्या पिशव्या अनेक कुटुंबांत उघडून तपासल्या जातात. अनेक देशांतील शासकीय मार्गदर्शनात ही पिशवी ७२ तासांसाठी असावी असे सांगितले जाते, कारण मोठ्या आपत्तीत बाहेरची मदत प्रत्येकापर्यंत पोहोचायला साधारण तीन दिवस लागू शकतात, असे गृहीत धरलेले असते. कोल्हापूरच्या बाबतीत मात्र हा हिशेब थोडा बदलावा लागतो. भूकंपात मिनिटेही हाती नसतात, येथे बहुधा काही तास, कधी पूर्ण दिवस मिळतो. उलट घरी परतण्यास तीन दिवस पुरत नाहीत. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गावर पाणी आल्याने तो जवळपास आठवडाभर बंद राहिला, शहरात दूध, इंधन आणि भाजीची टंचाई झाली, आणि नदीकाठची उपसा केंद्रे बुडाल्याने चहूकडे पाणी असलेल्या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. म्हणून पंचगंगेच्या काठावरील घराची तयारी दोन पदरी असावी : पाठीला लावून एका माणसाला पायी नेता येईल अशी पिशवी, आणि वाहन मिळाले तर बरोबर घ्यायचा, आठवडाभर पुरणारा दुसरा गठ्ठा. पिशवी प्रौढ माणसाला अर्धा तास चालताना जड होऊ नये. सात-आठ किलोंपलीकडे गेलेली पिशवी चिखलात माणसाला खाली ओढते.

पिशवीत सर्वांत आधी कागद. हे अनेकांना उलटे वाटेल, पण अन्न आणि कपडे मदत म्हणून मिळतात, हरवलेला कागद मदत म्हणून मिळत नाही. पूर ओसरल्यावर नुकसानीचा पंचनामा, सानुग्रह अनुदान, विम्याची रक्कम, पिकाची भरपाई या प्रत्येक पायरीवर ओळख आणि मालकी सिद्ध करावी लागते. त्यामुळे आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार, विम्याची कागदपत्रे, जनावरांच्या कानातील बिल्ल्याचे क्रमांक, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि गुणपत्रिका, जातीचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र या सर्वांच्या झेरॉक्स प्रती पिशवीत असाव्यात, आणि मूळ कागदही पावसाळ्याचे चार महिने त्याच पिशवीजवळ एका ठिकाणी असावेत. साधी प्लॅस्टिकची पिशवी दुमडल्याने पाणी थांबत नाही. तोंडाशी घट्ट दाबून बंद होणाऱ्या दोन पिशव्या एकात एक घालणे किंवा घट्ट झाकणाचा डबा वापरणे अधिक खात्रीचे. जुन्या कागदांना लॅमिनेशन करण्याची घाई करू नये, कारण काही कार्यालये लॅमिनेशन केलेला मूळ दस्त तपासताना अडचण काढतात. शासनाच्या डिजिलॉकर या सेवेत आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका यांच्या ग्राह्य प्रती ठेवता येतात, आणि सर्व कागदांची छायाचित्रे परगावच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. त्याच वेळी घरातील प्रत्येक खोलीचे, टीव्ही, फ्रिज, शिलाई यंत्र, पिठाची चक्की अशा वस्तूंचे, दुकान असेल तर मालाने भरलेल्या फळ्यांचे फोटो काढून ठेवावेत; पुरानंतर चिखलाच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवून तेथे काय होते हे पटवणे किती अवघड असते, ते शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती घडवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. गणपतीच्या तोंडावरच हे पूर येतात आणि वर्षभराची कमाई ओल्या मातीत मिसळते.

कागदांनंतर औषधे. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट, थायरॉइड यांची रोजची औषधे किमान दहा दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह असावीत. निवारा केंद्रातील वैद्यकीय पथकाला गोळीचा रंग सांगून उपयोग नसतो, नाव आणि मात्रा लागते. इन्सुलिनची न उघडलेली बाटली घरी थंड जागेत ठेवलेली असते, म्हणून ती आधी पिशवीत भरता येत नाही. ती उचलायची आठवण देणारी चिठ्ठी पिशवीच्या तोंडाशी बांधावी. चष्म्याची दुसरी जोडी, श्रवणयंत्राचे सेल, जलसंजीवनीची पाकिटे, पॅरासिटामॉल, जखमेवर लावायचे औषध व पट्ट्या, डास पळवणारे मलम आणि सॅनिटरी पॅड यांनाही जागा हवी. यांतील शेवटच्या वस्तूचा उच्चार घरातील पुरुषमंडळी यादी करताना बहुतेक वेळा टाळतात आणि निवारा केंद्रात तिचीच टंचाई होते, म्हणून यादी घरातील बायकांनीही पाहिली पाहिजे. गरोदर बाईची तपासणीची फाइल आणि तान्ह्या बाळाचे लसीकरण कार्ड ही तर विसरून चालणारच नाहीत.

अन्नाबद्दल फार लिहावे असे काही नाही, कारण कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात टिकणारे आणि शिजवावे न लागणारे पदार्थ मुबलक आहेत. भडंग, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि निघायच्या सकाळी केलेल्या दशम्या एवढ्यावर कुटुंबाचे पहिले दोन दिवस निघतात. पाण्याचा हिशेब मात्र काटेकोर हवा. पिण्यासाठी आणि तोंड धुण्यापुरते माणशी दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी लागते, म्हणजे चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी ३६ लिटर. एवढे पाणी पाठीवर नेता येत नाही, म्हणून पिशवीत माणशी एक लिटर आणि उरलेले कॅनमध्ये, दुसऱ्या गठ्ठ्याबरोबर. पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या आरोग्य केंद्रात आणि औषधाच्या दुकानात मिळतात व त्यांना फारसे वजन नसते. याशिवाय बॅटरी आणि तिचे जादा सेल, भरलेली पॉवर बँक, शिट्टी, दोरी, रेनकोट, माणशी सुक्या कपड्यांचा एक जोड, घोंगडे आणि दहा, वीस, पन्नासच्या नोटा. वीज गेली की एटीएम आणि फोनवरून पैसे देणे दोन्ही थांबते, आणि टेम्पोवाल्याला पाचशेची मोड मिळत नाही. महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत : आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

जनावरांचा प्रश्न येथे पिशवीपेक्षा मोठा आहे, आणि शहरी वाचकांसाठी लिहिलेल्या याद्यांमध्ये तो नसतोच. शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबांची दर दहा दिवसांची रोख मिळकत दुधाच्या बिलातून येते. म्हैस मागे ठेवून या म्हणणे म्हणजे चरितार्थ पाण्यात सोडून या म्हणण्यासारखे असते. म्हणून माणसांना वेळेवर हलवायचे असेल, तर जनावरे त्यांच्याही आधी हलली पाहिजेत. याचा अर्थ उंचावरचे गोठे कोणाचे, कोणाकडे किती जनावरे बांधता येतील, वैरण कोठून येईल, टेम्पो किंवा ट्रॅक्टर कोणाचा आणि तो कोणत्या फेरीला कोणाकडे जाईल, हे मे महिन्यात गावाने ठरवून ठेवणे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतील कुटुंबांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला उंचावर जागा देण्यात आल्या. तरीही शेती आणि गोठे नदीकाठीच राहिल्याने माणसांची वस्तीही बरीचशी तेथेच राहिली, आणि पाणी वाढू लागले की सोनतळीकडे निघणे हा या गावांचा पावसाळ्यातला नेम झाला. पुनर्वसनाच्या योजनेत घराबरोबर गोठ्याचा आणि वैरणीचा विचार झाला नाही, तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. आणि जनावरे नेणे अगदीच अशक्य झाले, तर निदान दावे सोडून द्यावे. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते, दाव्याला बांधलेले जागीच बुडते.

निघायचे कधी, हे पाणी पाहून ठरवू नये. बंधाऱ्याच्या आकड्यावर आधीच ठरवून ठेवावे. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या घरात किंवा आपल्या रस्त्यावर पाणी आले, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होते, हे गल्लीतल्या कोणालाही विचारून कळते. घरापेक्षा रस्ता आधी बुडतो, म्हणून रस्त्याचा आकडा महत्त्वाचा, आणि त्याच्या दोन-तीन फूट आधी म्हातारी माणसे, गरोदर बायका व लहान मुले बाहेर पडलेली असावीत. अंधार पडल्यावर निघण्यापेक्षा दुपारी निघावे, मग एखादे वेळी पाणी न येता परत यावे लागले तरी चालेल. वाहत्या पाण्याच्या जोराविषयी समज चुकीचे असतात : जोरात वाहणारे अर्धा फूट पाणी प्रौढ माणसाचा पाय उचलू शकते, एक फूट पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. निघताना विजेचा मुख्य स्विच बंद करावा, गॅसचा रेग्युलेटर काढून टाकी बांधून ठेवावी, कारण सुटी टाकी पाण्यावर तरंगत जाते, आणि आपण कोठे जात आहोत हे शेजाऱ्याला व तलाठ्याला किंवा प्रभागातील कर्मचाऱ्याला सांगावे. नाहीतर बचाव पथकाची नाव रिकाम्या घरासाठी पाण्यात जाते.

जिल्ह्याच्या पश्चिम भागात, डोंगरउतारावरील वाड्यावस्त्यांत, हा सगळा हिशेब लागू पडत नाही. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी, रायगड जिल्ह्यातील तळिये २२ जुलै २०२१ ला आणि इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. तेथे पिशवी उचलायलाही वेळ नव्हता. अशा ठिकाणी तयारी म्हणजे जमिनीला पडलेली नवी भेग, वाकलेली झाडे व खांब, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले किंवा आटलेले पाणी ही लक्षणे ओळखणे आणि अतिवृष्टीचा लाल इशारा असलेल्या रात्री वस्तीत न झोपणे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांनी शिकवले तेही वेगळेच : तेथे पिशवी दाराशी, चपला अंथरुणाजवळ, आणि डोक्यावर जड दगडमातीचे छत नको.

परतीचा टप्पा पिशवीच्या विचारातून बहुधा निसटतो. पाणी ओसरल्यावर घरात पहिले पाऊल टाकताना बूट, काठी आणि बॅटरी लागते, कारण कोरडी जागा शोधत साप घरांत आसरा घेतात. दंश झाल्यास जवळचे ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालय हे ठिकाण, मांत्रिकाचे घर नव्हे. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका चिखल काढणाऱ्यांना सर्वाधिक असतो, म्हणून चिखलात काम केलेल्यांनी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्यावे आणि ताप आल्यास अंगावर काढू नये. पुराचे पाणी लागलेले धान्य उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा, विहीर व टाकी क्लोरीन घालून शुद्ध करून घ्यावी, आणि वायरिंग तपासल्याशिवाय वीज चालू करू नये. साफसफाईला हात घालण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या रेषेचे, बिघडलेल्या वस्तूंचे आणि ओल्या धान्याचे फोटो तारखेसह काढावेत व पंचनाम्यासाठी आलेल्या कर्मचाऱ्याकडून नोंद वाचून मगच सही करावी. त्यानंतर पिशवी रिकामी करून वाळवावी, वापरलेल्या गोळ्या व सेल नव्याने भरावेत, आणि बंधाऱ्यावर त्या वर्षी पाणी किती फुटांवर असताना दारातला रस्ता बुडाला, तो आकडा तारखेसह पिशवीच्या आतल्या कप्प्यात लिहून ठेवावा.